चाकूर, परळ आणि सहा तासांचं औषध

‘सर, न्यूक्लिअर मेडिसिन मिळतंय. घेऊ का सोडू?’

पीजीच्या कौन्सेलिंगची यादी लागली की दरवर्षी हा फोन येतो, आणि करणारा बहुतेक वेळा आपल्याच भागातला असतो. चाकूर, अहमदपूर, उदगीर, कंधार, लोहा. एमबीबीएस बाहेर झालेलं: रशियात, किर्गिझस्तानात, जॉर्जियात, फिलिपिन्समध्ये. रँक मागे गेलेली असते, मेडिसिन आणि बालरोगाची आशा सुटलेली असते, वडिलांनी विकलेल्या जमिनीचा हिशेब डोक्यात चालू असतो, आणि समोर पडद्यावर एका अनोळखी शाखेचं नाव असतं. जागा धरायला हातात चार-पाच दिवस. एवढ्या घाईत फोनवर मी काय सांगणार? जे राहून जातं ते निवांत लिहून काढावं, म्हणून ही पुस्तिका केली. नियम, परीक्षा, कागदपत्रं, अभ्यासक्रम हे पुढच्या प्रकरणांत क्रमाने येईलच. इथे मला त्याच्या आधीचं बोलायचं आहे.

मी याच रस्त्याने आलो. शाळा चाकूर तालुक्यात, बारावी लातूरला, एमबीबीएस देशाबाहेर आणि रेसिडेन्सी मुंबईत. मीसुद्धा ही शाखा उरली होती म्हणून घेतली. पहिलं वर्षभर नातेवाइकांत तिचं नाव सांगायचं टाळलं. कुणी विचारलंच तर ‘कॅन्सरचं काहीतरी’ म्हणून विषय बदलायचो. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊन बाहेर पडायचं मनात होतं, त्यामुळे समोर जे शिकवलं जात होतं त्यावर अर्धंच लक्ष. ते वर्ष मला परत मिळणार नाही. म्हणून या पुस्तिकेतून मला एकच गोष्ट पोचवायची आहे: ही शाखा उरली म्हणून घेऊ नका. आधी जाऊन ती बघा. आवडली तर पसंतीच्या यादीत वर लिहा, नाही आवडली तर खुशाल सोडा.

आपल्याकडची मुलं एवढ्या मोठ्या संख्येने बाहेर का जातात हे लातूर-नांदेडकरांना समजावून सांगायला नको. लातूर पॅटर्नने घराघरात एक खात्री रुजवली की कष्ट केले की डॉक्टर होता येतं. खोल्या घेऊन राहणारी मुलं, डबे लावणाऱ्या मावश्या, पहाटेच्या टेस्ट, एकदा राहिलं तर रिपीट, पुन्हा राहिलं तर आणखी एक रिपीट. सरकारी कॉलेजच्या कट-ऑफला थोडे मार्क कमी पडतात, खासगी कॉलेजची फी आवाक्याबाहेरची असते, आणि तेवढ्यात एखादी कन्सल्टन्सी सहा वर्षांचं पॅकेज घेऊन दारात उभी राहते. खात्री खोटी नसते, जागाच कमी असतात. या मुलांना कुणी ‘पैसे देऊन डिग्री आणणारे’ म्हटलं की मला राग येतो. उणे वीस अंशांत परक्या भाषेत पेशंटची हिस्टरी घेणारं पोरगं आळशी नसतं.

पण परतल्यावर काय वाढून ठेवलंय ते जाताना त्याला पुरतं सांगितलं जात नाही, हेही खरं. रशियाकडच्या पदवीवर बहुधा ‘एम.डी. फिजिशियन’ असं छापलेलं असतं. गावात लगेच पेढे वाटले जातात: पोरगा एम.डी. झाला. आपल्याकडे ती पदवी एमबीबीएसच्याच तोडीची धरतात, पदव्युत्तर एम.डी. म्हणून ती नावापुढे लावता येत नाही. हे घरी पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, नाहीतर पुढची चार-पाच वर्षं ‘आता आणखी कशाला शिकतोस’ याला उत्तर देण्यातच जातात.

त्यानंतर एफएमजीई. ही परीक्षा २००२ पासून चालू आहे. वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न असतात, १५० बरोबर आले की पास. निम्मेच तर मार्क, असं वाटतं. जून २०२३ मध्ये शंभरातले अकरासुद्धा पास झाले नव्हते. डिसेंबर २०२४ ला निकाल बरा लागला तरी तिसाच्या आतच होता. पुढे इंटर्नशिप. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनंतर बाहेर प्रवेश घेतलेल्यांना किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टरकी करायला लागणारी पात्रता, आणि भारतात येऊन पुन्हा बारा महिन्यांची इंटर्नशिप, एवढं सगळं लागतं. भारतातल्या इंटर्नशिपसाठी परदेशातून आलेल्यांना जागा मिळतात त्या कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत, म्हणजे तिथेही रांग. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आलं आणि आपली मुलं पोलंड-रुमानियाच्या सीमेपर्यंत चालत जाऊन ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानांनी घरी परतली. त्यांच्यातल्या अनेकांचा पुढचा अभ्यास ऑनलाइन झाला, आणि त्यापायी इंटर्नशिप लांबली. जीव वाचला, वर्षं गेली.

एवढं पार केलेला मुलगा किंवा मुलगी नीट-पीजीला बसते तेव्हा तिचं वय बहुधा सत्तावीस-अठ्ठावीस झालेलं असतं. इथे एक गोष्ट मनाला उभारी देणारी आहे. नीट-पीजीच्या गुणवत्ता यादीत ‘बाहेरून शिकलेले’ अशी वेगळी रांग नाही. न्यूक्लिअर मेडिसिनची तीन वर्षांची एम.डी. किंवा डीएनबी याच परीक्षेतून मिळते. दिल्लीचं एम्स आणि चंडीगढचं पीजीआय यांच्यासाठी आयएनआय-सीईटी द्यावी लागते. शाखा लहान, जागा मोजक्या, आणि तरीही त्या दरवर्षी बऱ्याच खालच्या रँकपर्यंत उतरतात. कारण साधं आहे. एमबीबीएसच्या काळात हा विभाग कुणी पाहिलेलाच नसतो. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तो नाहीच, आणि परदेशातल्या कॉलेजांत तो असला तरी विद्यार्थ्यांना तिकडे कुणी नेत नाही. न पाहिलेल्या गोष्टीला पसंती कशी मिळणार?

म्हणून आता विभागात जाऊ या.

सकाळी सात-साडेसातला हॉट लॅब उघडते. जाड शिशाच्या विटांच्या आडोशाला एक जनरेटर ठेवलेला असतो. बाहेरून पाहिला तर दुधाच्या लहानशा कॅनएवढा, पण उचलायला जड. त्याच्या आत मॉलिब्डेनम-९९ असतं, ते सतत विरत असतं आणि त्यातून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. एका बाजूला सलाइनची कुपी लावायची, दुसऱ्या बाजूला हवा काढून घेतलेली कुपी. सलाइन आतून ओढलं जातं आणि येताना टेक्नेशियम धुऊन घेऊन येतं. जगभर या कामाला दूध काढणं म्हणतात आणि जनरेटरला गाय. शहरातल्या माझ्या सहकाऱ्यांना हा शब्द नुसता गमतीचा वाटायचा. मला पहिल्याच दिवशी सगळं कळलं, कारण गाय तशीच वागते. सकाळी धार काढली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुन्हा भरते. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तासांचं, त्यामुळे रोज आदल्या दिवसापेक्षा पाचव्या हिश्शाहून थोडं जास्तच कमी मिळतं, आणि आठवडाअखेरीला ती आटते. निघालेल्या टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तास. सकाळी आठला भरलेली कुपी दुपारी दोनला निम्मी, रात्री आठला चतकोर. पेशंट उशिरा आला म्हणून औषध थांबत नाही. डोस मोजायचा, वेळ लिहायची, सिरिंज शिशाच्या कवचात घालायची आणि निघायचं.

हे औषध कशाला जोडून द्यायचं त्यावर ते कुठे जाणार हे ठरतं. एका संयुगाबरोबर ते हाडांत जातं, दुसऱ्याबरोबर हृदयाच्या स्नायूत, तिसऱ्याबरोबर मूत्रपिंडांतून गाळलं जातं. एक्स-रे आणि सीटीमध्ये किरणं बाहेरून आत सोडतात आणि अवयव कसा दिसतो ते कळतं. इथे किरणं पेशंटच्या आतून येतात आणि अवयव काय करतोय ते दिसतं. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या मणक्यात उतरलाय हे साध्या एक्स-रेवर दिसण्याआधी हाडांच्या स्कॅनवर काळ्या ठिपक्याच्या रूपात उमटतं. तो पहिला ठिपका मी स्वतः ओळखला त्या दिवशी मी पुन्हा परीक्षा द्यायचा विचार सोडला.

आणि याच शाखेत उपचारही आहेत, हे फोन करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरने १९४१ मध्ये थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजलं, तिथून ही वाट सुरू झाली. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, एवढ्या एका गुणावर तो उपचार उभा आहे. आता ल्युटेशियम-१७७ वापरून न्यूरोएंडोक्राइन आणि प्रोस्टेटच्या गाठींवर उपचार होतात. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २०१८ आणि २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्याकडचं माहेरघर परळ. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि सात वर्षांनी, १९६३ मध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. जेरबाई वाडिया रोडवर, टाटा मेमोरियलच्या ॲनेक्समध्ये. १९७३ पासून तिथे डीआरएम हा पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठातर्फे चालू झाला. देशातला पहिला पेट स्कॅनर आणि त्याला औषध पुरवणारा वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच आला. दोन वर्षांनी टाटा मेमोरियलमध्ये पहिला पेट-सीटी. ज्या रस्त्यावर हे सगळं घडलं त्याच रस्त्याच्या फुटपाथवर मराठवाड्यातून आलेली माणसं पिशव्या उशाला घेऊन झोपलेली असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. मी रेसिडेंट असताना सकाळी कामावर जाताना तिथे उदगिरी बोली कानावर पडायची आणि पाय आपोआप थांबायचे.

त्यातल्या एका मावशींबद्दल सांगतो. आपल्या वडवळ नागनाथाच्या बाजूच्या. वडवळच्या बेटावर औषधी वनस्पती उगवतात आणि उत्तरा नक्षत्रात बरं वाटावं म्हणून दुरून दुरून माणसं तिथे येऊन राहतात, हे चाकूर तालुक्यात लहान मुलालाही माहीत असतं. मावशीही बेटावर राहून आल्या होत्या. मग गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये थायरॉइडचा कॅन्सर निघाला आणि त्यांना रेडिओआयोडीनसाठी मुंबईला पाठवलं. उपचाराआधी काही दिवस जेवणातलं आयोडीन कमी करावं लागतं. पुडीतलं मीठ बंद, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग वरणात काय घालू?’ मोठ्या डोससाठी रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. आपल्याकडे ३० मिलिक्युरीच्या वर तसा नियम आहे. खोलीच्या भिंती जाड, संडासाचं पाणी वेगळ्या टाक्यांत साठवून, विरल्यावरच सोडायचं. जेवणाचं ताट दाराशी. मावशींनी दाराच्या चौकटीला धरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘लेकरा, मला एकटीलाच कोंडणार का?’

त्यांना आयोडीन म्हणजे काय, किरण म्हणजे काय हे मी सांगितलं, पण त्याने दार सुटलं नाही. मी कुठला आहे ते सांगितलं, माझ्या गावात त्यांची मावसबहीण निघाली, आणि मग त्या आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना द्यायच्या सूचनांचा छापील कागद होता. वेगळं झोपा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला काही दिवस जवळ घेऊ नका. रोज आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा, संडासात दोनदा भरपूर पाणी ओता. कागदात चूक काहीच नव्हती. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती आपल्याच जिल्ह्यात. टँकरच्या पाण्यावर महिना काढणाऱ्या घराला ‘भरपूर पाणी ओता’ म्हणजे नेमकं काय सांगायचं? मी त्यांना आधी विचारलं, घरी पाणी किती दिवसांनी येतं? संडास किती जणांत? नातू कुणाजवळ झोपतो? परतीचा प्रवास रात्रभर एसटीने, तर शेजारच्या सीटवर कोण असेल? मग मुलीने एक सीट जास्त काढली, नातवाला पंधरा दिवस मामाकडे पाठवलं, आणि दोन घागरी पाणी केवळ त्या कामासाठी बाजूला ठेवायचं ठरलं. किरणांपासून सुरक्षितता हा या शाखेचा आत्मा आहे, आणि तो पुस्तकातून निघून माणसाच्या घरात शिरायला हे प्रश्न विचारणारा डॉक्टर लागतो. आपल्या भागाला आपल्यातला न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर का हवा, याचं मला यापेक्षा मोठं कारण सापडलेलं नाही.

आता अडचणी. त्या लपवून कुणाला या शाखेत ओढायचं नाही. एमबीबीएसनंतर जसा गाळा घेऊन दवाखाना टाकता येतो तसा हा विभाग चाकूरच्या बसस्टँडसमोर टाकता येत नाही. गॅमा कॅमेरा किंवा पेट-सीटी कोटींच्या घरात जातो, अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतो. त्यात औषधाचं घड्याळ. पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. हैदराबादहून गाडी निघाली आणि चाकूरला पोचायला साडेपाच तास लागले तर निघतानाच्या औषधाचा आठवाच हिस्सा हातात पडतो. मुंबईहून दहा तास धरले तर शंभरातले दोन-सव्वादोन. म्हणून नोकऱ्या मोठ्या शहरांत, मोठ्या रुग्णालयांत आणि खासगी तपासणी केंद्रांत. रेडिओलॉजिस्टच्या मानाने संधी कमी, आणि रुग्ण थेट तुमच्याकडे येत नाही, दुसऱ्या डॉक्टरने पाठवावा लागतो. ज्याला स्वतःची ओपीडी आणि दारात रांग हवी आहे त्याने ही शाखा घेऊ नये.

किरणांची भीती मात्र मनातून काढा. घरचे विचारतात, मुलींच्या घरचे तर हमखास: पुढे लेकरं होतील ना? आम्ही छातीवर बॅज लावून काम करतो, तो ठरावीक मुदतीने तपासला जातो. काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. अंतर, वेळ आणि आडोसा या तीन गोष्टी पाळून शिस्तीत काम केलं तर त्या मर्यादेच्या बरंच खाली राहता येतं. गरोदरपणात कामाची वाटणी बदलतात आणि ती तशी मागून घेण्यात संकोच करू नये.

काही जण अमेरिकेचं विचारतात. तिकडे जाणाऱ्या परदेशी पदवीधराला आधी ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी यूएसएमएलईच्या पायऱ्या. न्यूक्लिअर मेडिसिनच्या बोर्डाची स्थापना तिथे १९७१ ची. आधी एक वर्ष क्लिनिकल प्रशिक्षण आणि मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, असा सरळ मार्ग आहे. दुसऱ्या शाखेची रेसिडेन्सी झालेली असेल तर हा काळ कमी होतो. या शाखेत परदेशी पदवीधरांना दार तुलनेने उघडं मिळालं, ते तिथल्या मुलांचा ओढा रेडिओलॉजीकडे असल्यामुळे. आणि नेमक्या त्याच कारणाने फक्त न्यूक्लिअर मेडिसिन केलेल्याला तिथे नोकरी शोधायला जास्त फिरावं लागतं. जे-१ व्हिसावर गेलात तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. केवळ आत शिरायला सोपी म्हणून ही शाखा धरली तर पुढे ती जड जाते, तिथेही आणि इथेही.

गेल्या वर्षी अहमदपूरच्या एका मुलीचा असाच फोन आला. घेऊ का सोडू? मी म्हटलं, आज रात्रीची ट्रॅव्हल्स पकड, उद्या-परवा दोन दिवस विभागात बसू दे म्हणून विनंती कर, आणि तिसऱ्या दिवशी मला फोन कर. तिने केला. सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या शेवटच्या स्कॅनपर्यंत एका कोपऱ्यात उभी राहिली होती. आवाजात थकवा होता. घेऊ का सोडू, हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, ‘सर, अर्धायुष्याची गणितं मला जमत नाहीत. कुठून सुरुवात करू?’

या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण त्या गणितांचं आहे.